हात न जोडणाऱ्यांची गोष्ट : शाळा, समाज आणि नास्तिक

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातून आज बरेच जण आलेले दिसताहेत, म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. देव आहे की नाही, यावर आज आपण बोलणार नाही आहोत. तो वाद हजारो वर्षं चालू आहे, आपल्या तासाभराने मिटायचा नाही. आपला प्रश्न त्यापेक्षा लहान आहे, पण जास्त अडचणीचा आहे. सकाळी शाळेच्या मैदानावर मुलं रांगेत उभी राहतात, 'प्रार्थना शुरू कर' असा आवाज येतो, सगळे हात जुळतात आणि एखाद्याचे जुळत नाहीत. मुलाचे नाही जुळत, कधी मास्तरांचेच नाही जुळत. पुढे काय होतं? एवढाच प्रश्न. त्याचा इतिहास मात्र बराच लांब जातो.

आधी शब्दाचा निकाल लावू. नास्तिक म्हणजे देव न मानणारा, असं आपण आज धरून चालतो. जुना अर्थ तसा नव्हता. पाणिनीच्या सूत्रावर लिहिणाऱ्या टीकाकारांनी परलोक नाही असं मानणारा तो नास्तिक, असं म्हटलं. मनुस्मृतीने वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक ठरवलं. आता गंमत बघा. सांख्यांना सृष्टीच्या हिशेबात ईश्वराची गरज वाटली नाही. मीमांसकांच्या मते यज्ञाचं फळ मिळायला मधे ईश्वर लागत नाही. तरी हे दोघे आस्तिक, कारण वेद मानतात. बौद्ध, जैन आणि चार्वाक मात्र नास्तिक. म्हणजे विचारणा देवाबद्दल नव्हतीच, तू आमच्यातला आहेस की नाहीस, अशी होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण शाळेच्या मैदानावर आजही विचारणा तीच असते.

आता आपली ही तीन शहरं. अंबरनाथला तर गावाचं नावच देवाचं. तिथलं शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं, शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६० च्या सुमाराचं. पण आजचं अंबरनाथ मंदिराने वसवलेलं नाही. ते वसवलं काड्यापेटीच्या कारखान्याने, ऑर्डनन्स फॅक्टरीने आणि नंतर केमिकल कंपन्यांनी. कोकणातून, देशावरून, दक्षिणेतून माणसं कामाला आली. बदलापूर त्यामानाने बराच काळ गावच राहिलं आणि मुंबईत घर परवडेना तेव्हा झपाट्याने वाढलं.

उल्हासनगरची गोष्ट वेगळी आहे, जरा थांबून बघण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना त्या बराकींत ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. तरी पत्ता सांगताना लोक अजूनही कॅम्प नंबर सांगतात, एक ते पाच.

सिंधी हिंदूंची श्रद्धा मुळात फार ताठर नव्हती. झूलेलाल आहेत, टिकाण्यात गुरू ग्रंथसाहिब आहे, सूफी पीरांबद्दल आदर आहे. कर्मकांडाचा जाच इतरांच्या मानाने कमीच. मग अशा समाजात 'मी नास्तिक आहे' म्हणणं सोपं जायला हवं होतं. ते तसं नाही, आणि त्याचं कारण आम्हाला फाळणीत दिसतं. या माणसांनी घर सोडलं, जमीन सोडली, दुकान सोडलं. का? हिंदू म्हणून. कोण राहणार आणि कोण जाणार याचा निवाडा त्या वर्षी धर्माच्या एका शब्दावर झाला. भाषेचं राज्य मिळालं नाही, नकाशावर आपला म्हणावा असा तुकडा उरला नाही. उरले ते टिकाणे, चेटीचंड आणि चाळीस दिवसांचं चालिहो. अशा घरातल्या नातवाने उद्या सांगितलं की मला यातलं काही पटत नाही, तर आजोबांना ते तत्त्वज्ञान म्हणून ऐकूच येणार नाही. ज्या गोष्टीपायी सिंध सुटलं तीच तू टाकून देतोस, असंच ऐकू येईल.

अंबरनाथ-बदलापुरात थोड्या फरकाने हेच आहे. कारखान्यात आलेल्या माणसाला पहिली खोली कोणी मिळवून दिली? गाववाल्याने. भिशी कोणाबरोबर? गाववाल्यांबरोबर. मुलीचं स्थळ? तेही तिथूनच. आणि ही सगळी माणसं एकत्र भेटतात कुठे, तर चाळीच्या गणपतीत, अय्यप्पाच्या पूजेत, सत्यनारायणाला, विहारात, चर्चमध्ये. म्हणून या भागातला सनातनीपणा मठाधिपतींनी लादलेला नाही. उपटून आलेल्या माणसांनी एकमेकांना धरून ठेवण्यासाठी तो उभा केला आहे. आमच्या मते त्याला नुसतं मागासपण म्हणणं हा आळस आहे. पण त्याचा परिणाम असा होतो की हात न जोडणारा माणूस सगळ्यांना घर सोडून निघाल्यासारखा वाटतो. शाळाही बहुतेक अशाच लोकांनी, अशाच भावनेने काढल्या. आपल्या मुलांना आपली भाषा, आपले सण, आपली प्रार्थना मिळावी म्हणून.

यातच एक घर असं आहे की जिथे देव न मानणं हीच घरची शिकवण आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पहिलीच ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव न मानण्याची आहे. आपल्या तिन्ही शहरांत बौद्ध वस्ती मोठी आहे. त्या घरातलं पोर शाळेत जातं, आणि दसऱ्याच्या आधी पाटीपूजन असतं, सरस्वतीला हार असतो. पोर करतं काय? बहुतेक वेळा नमस्कार करतं आणि घरी सांगत नाही. २०२२ मध्ये छगन भुजबळांनी शाळांत सरस्वतीऐवजी फुले, शाहू, आंबेडकरांच्या प्रतिमा असाव्यात असं म्हटल्यावर केवढं रान उठलं होतं, आठवत असेल. त्या गदारोळात या पोराची अडचण काय आहे, यावर मात्र फार कोणी बोललं नाही.

आता थोडं मागे जाऊ. शाळेच्या आत राहून देव नाकारणारा पहिला मोठा मराठी माणूस म्हणजे गोपाळ गणेश आगरकर. जन्म १८५६, टेंभूचा, अत्यंत गरीब घरातला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक, डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक, 'केसरी'चे पहिले संपादक, १८८८ मध्ये 'सुधारक' काढणारे आणि १८९२ पासून फर्ग्युसनचे प्राचार्य. नेमकं बोलायचं तर ते अज्ञेयवादी होते, पण पुण्याला तो फरक करायची गरज वाटली नाही. जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली गेली. हा प्रसंग आपण शाळेत शिकतो, टाळ्याही वाजवतो. दुसरी बाजू कमी शिकवतात. आगरकरांच्या लेखांमुळे संस्थेचं नाव खराब होतं, पालक बिथरतात, ही कुरकुर बाहेरच्यांची नव्हती, सहकाऱ्यांची होती. 'केसरी' त्यांना सोडावा लागला तो याच मतभेदांतून. संस्था मात्र त्यांची स्वतःची होती, म्हणून नोकरी राहिली. आणि १८९५ मध्ये, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ते गेले.

त्यांच्याबद्दल आपल्याकडे एक कौतुकाचं वाक्य रूढ झालं, देव न मानणारा देवमाणूस. चांगल्या भावनेने म्हणतात, हे मान्य. पण जरा ऐकून बघा. माणसाने आयुष्यभर जे नाकारलं तेच त्याच्या गळ्यात घालून आपण त्याला माफ केलं. शिवाय एक अटही त्यात आली की नास्तिक असायचं तर आगरकरांइतकं निःस्पृह, तेवढं फाटकं राहून जगायचं. आस्तिकाला अशी अट नाही. तो देवळातही जातो आणि मापातही मारतो, त्याला कोणी विचारत नाही. नास्तिक शिक्षकाने मात्र एक रजा जास्त घेतली तरी ते त्याच्या नास्तिकपणावर जातं.

आगरकरांनंतर र. धों. कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक, कट्टर बुद्धिवादी, उघड नास्तिक. नोकरी कुठे, तर मुंबईच्या विल्सन कॉलेजात, म्हणजे मिशनऱ्यांच्या संस्थेत. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. हा प्रचार थांबवा नाहीतर राजीनामा द्या, अशी वेळ आली आणि १९२५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. इथे प्रामाणिक राहायला हवं. नोकरी गेली ती संततिनियमनापायी, देव न मानल्यापायी नाही. पण दोन्हींचं मूळ एकच होतं आणि संस्थेला ते दिसत होतं. पुढे १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' चालवलं, खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. खटला हरले, ते सोडा.

ही मोठी माणसं होती. लेखणी होती, मासिक होतं, इतिहासात जागा होणार होती. आपल्या विषयाचा खरा माणूस त्यांच्यानंतर येतो, आणि तो इंग्रजीचा साधा शिक्षक आहे.

नाशिकची गोष्ट. सावित्रीबाई फुले यांच्या नावाची माध्यमिक शाळा, चालवणारी संस्था महात्मा फुल्यांच्या नावाची. संजय साळवे तिथे १९९६ पासून शिकवत होते. जून २००७ मध्ये शाळेच्या लक्षात आलं की प्रार्थनेच्या वेळी हे हात जोडत नाहीत. ते रांगेत होते, गोंधळ घातला नव्हता, मुलांना काही शिकवलं नव्हतं. हात जोडले नाहीत, एवढंच. शाळेने ती बेशिस्त धरली. २००८ मध्ये बारा वर्षांच्या सेवेनंतर मिळणारी वरिष्ठ वेतनश्रेणी त्यांनी मागितली, तेव्हा गोपनीय अहवालातले शेरे आडवे आले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि रेवती मोहिते डेरे यांच्या खंडपीठाने निकाल दिला की प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याची सक्ती शिक्षकावर करता येणार नाही, ते मूलभूत हक्काचं उल्लंघन आहे. वेतनश्रेणी द्या.

या गोष्टीत अंगावर येण्यासारखं काय आहे? कोणी मारलं नाही, प्रेतयात्रा काढली नाही, बहिष्काराचं पत्रक निघालं नाही. एक शेरा लिहिला गेला आणि पगार अडकला. २००७ ते २०१३, सहा वर्षं. आपल्या काळात नास्तिकपणाची किंमत अशी वसूल होते, कागदावर, आणि ती कागदावरच होते म्हणून दिसत नाही. इथे बसलेल्या शिक्षकांना गोपनीय अहवाल म्हणजे काय ते समजावून सांगायला नको.

आणि नावांकडे लक्ष गेलं असेलच. जोतीरावांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. ते नास्तिक नव्हते, निर्मिक मानत होते. पण माणूस आणि निर्मिक यांच्यामध्ये तिसऱ्याने उभं राहून हात जोडून घ्यावेत, याला त्यांचा जन्मभर विरोध होता. त्यांच्या नावाच्या संस्थेत हे घडलं. आम्हाला त्यात त्या संस्थेचा दुष्टपणा दिसत नाही. शिस्त आणि भक्ती या दोन गोष्टी आपल्या शाळांत इतक्या एकजीव झाल्या आहेत की मुख्याध्यापकाला त्या वेगळ्या करताच येत नाहीत. हात जोडणं हे त्याला 'सावधान'सारखंच वाटतं. प्रार्थना कुठलीही असो. कित्येक शाळांत १९८६ च्या 'अंकुश' सिनेमातलं गाणं प्रार्थना म्हणून चालतं, त्यात कुठल्या देवाचं नाव नाही. तरी हात जोडायचे ते जोडायचेच.

तो निकाल आला ते वर्ष २०१३ होतं. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. दाभोलकरांची १९८९ पासूनची भूमिका ठाम होती की महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाला आणि धर्माला विरोध करत नाही, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला करते. संघटना वाढवायला ही भूमिका आवश्यकच होती, त्यामुळे शाळांची दारं उघडली. कार्यकर्ते येतात, पाण्याने दिवा पेटवून दाखवतात, नारळातून रंगीत धागे काढतात, मुलं खूश होतात. पण याचा एक परिणाम असाही झाला की शाळेतल्या नास्तिक शिक्षकाला एक सोयीचं वाक्य मिळालं. मी अंधश्रद्धेच्या विरोधात आहे हो, देवाच्या नाही. डॉ. श्रीराम लागूंसारखा नट देवाला रिटायर करा म्हणू शकत होता, त्यांना गोपनीय अहवाल नव्हता.

मुलांचं काय? इथे कायदा नीट बघायला हवा. घटनेचं २८ वं कलम तीन गोष्टी सांगतं, त्यातल्या दोन आपल्या कामाच्या. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचं असेल तर त्याची संमती हवी, तो अज्ञान असेल तर पालकाची. शेवटचे शब्द बघा, पालकाची. चौदा वर्षांच्या मुलीला देव पटत नसेल आणि आईवडील भाविक असतील, तर या कलमात तिला जागा नाही. कायदा नास्तिक घरातल्या मुलाला वाचवतो, नास्तिक मुलाला नाही. घटनाकारांना दोष देण्यात अर्थ नाही, १९४८-४९ मध्ये मुलाचं स्वतंत्र मत हा विषयच कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हता.

मुलांच्या बाजूने लागलेला सर्वांत मोठा निकाल नास्तिकांनी मिळवलेला नाही, हेही ध्यानात घ्या. केरळात यहोवाचे साक्षीदार या पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींच्या पीठाने, त्यांना परत घ्यायला लावलं. न गाणं म्हणजे अपमान नव्हे, हे त्यातून ठरलं. म्हणजे अतिशय धार्मिक अशा घराने लढून मिळवलेली ढाल आज नास्तिकाच्या कामी येते. तसंच दुसरं प्रकरण केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत-हिंदी प्रार्थनेचं. जबलपूरच्या एका वकिलांनी तिला आव्हान दिलं, अल्पसंख्याक आणि नास्तिक घरांतल्या मुलांचा प्रश्न त्यात होता, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय मोठ्या पीठाकडे सोपवला. लांबचं वाटत असेल तर सांगतो, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतही केंद्रीय विद्यालय आहे.

शेवटचा मुद्दा दाखल्याचा, आणि आमच्या मते सगळ्यात कठीण तोच आहे. प्रवेश अर्जात धर्माचा रकाना असतो, तोच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरतो. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डॉ. रणजित मोहिते यांच्या याचिकेवर सांगितलं की मला कोणताही धर्म नाही असं म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि सरकारने कोणावर धर्म सांगण्याची सक्ती करू नये. इथेही याचिका करणारे नास्तिक नव्हते. येशूला मानणारे, पण धर्माचं लेबल नको असणारे होते.

मग सगळ्यांनी 'धर्म नाही' लिहावं का? ज्याच्या घरात दाखल्यावर काहीच अवलंबून नाही, त्याला हे सोपं आहे. पण आपल्या राज्यात तोच दाखला जातीचा पहिला पुरावा असतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता होता, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. दलित घरातल्या नास्तिक बापाने मुलाच्या अर्जात 'धर्म नाही' लिहिलं, तर पंधरा वर्षांनी जात पडताळणीच्या खिडकीवर काय होईल, याची हमी त्याला कोण देणार? तो निमूटपणे हिंदू किंवा बौद्ध लिहितो. २०११ च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक नोंदवणारे देशात सुमारे ३३ हजार निघाले, त्यात महाराष्ट्रातले सर्वांत जास्त, साडेनऊ हजारांच्या वर. हा आकडा वाचून नास्तिक किती थोडे, असं म्हणणाऱ्यांनी आधी हा रकाना भरून बघावा.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे की आमच्या मुलाला प्रार्थनेतून मोकळीक हवी असेल तर करायचं काय. साध्या कागदावर मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज करा. मजकूर चार ओळींचा पुरे : घटनेच्या २८ व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमानुसार धार्मिक उपासनेत भाग घेण्यास पालक म्हणून आमची संमती नाही, मुलगा रांगेत शांत उभा राहील, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि संविधानाच्या उद्देशिकेत तो नेहमीसारखा भाग घेईल. अर्ज दोन प्रतींत न्या, दुसऱ्या प्रतीवर तारीख घालून पोच घ्या. शाळा पोच देत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. आणि अर्ज देण्याआधी मुलाला विचारा, कारण रांगेत तो उभा राहणार आहे.

आता बाकीच्या चिठ्ठ्या घेऊ.